पेन्सिलीचा ठिपका

प्रिय ढब्बू,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. चार वेळा लिहायला बसले आणि चारही वेळा उठले. एकदा औषधांचं कपाट आवरलं, एकदा स्वच्छ कात्र्याच पुन्हा उकळल्या. आत्ताही जीव थाऱ्यावर नाही. बाबा बरे आहेत, गॅलरीत बसून कबुतरांना दाणे टाकताहेत. तुझी बायको परवा फोनवर सांगत होती, की तू अजूनही अर्ध्या जिन्यावरून मागे फिरतोस आणि कुलूप तीन-तीनदा ओढून बघतोस. मी हसले. हसायला नको होतं.

आधी तुझ्या कामाचं. मारणाऱ्याच्या ताब्यातून जनावर काढून घेता यावं आणि त्याला कैद व्हावी, म्हणून तू देशाच्या कायद्यात बदल सुचवतोयस, आणि समितीतले एक गृहस्थ आमच्याच दवाखान्याचे आकडे दाखवून ते कलम खोडायला निघालेत. पंचवीस वर्षांत मारहाणीच्या नोंदी तीन, पडून झालेल्या जखमा चारशे बारा. तुमच्याकडची जनावरं फारच धडपडी दिसतात, असं ते म्हणाले आणि सगळे हसले, असं तू लिहिलंस. अरे, त्या नोंदी माझ्या अक्षरातल्या आहेत.

आमच्या मोठ्या डॉक्टरांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. मारून आणलेलं जनावर आलं, तरी कारणाच्या रकान्यात 'पडून' लिहायचं. खरं लिहिलं तर मालकाला दंड होणार, तोही चहापाण्याच्या खर्चाएवढा. मग घरी जाऊन तो त्याच मुक्या जिवावर राग काढणार आणि पुन्हा दवाखान्याची पायरी चढणार नाही. म्हणून 'पडून', आणि नोंदीच्या क्रमांकाखाली पेन्सिलीचा बारीक ठिपका. ठिपका दिसला की पुढच्या डॉक्टरने काहीतरी निमित्त काढून जनावर ठेवून घ्यायचं. एका गाडीवाल्याची घोडी मी ताप उतरत नाही म्हणून अकरा दिवस ठेवली होती. तो रोज येऊन माझ्या नावाने खडे फोडायचा आणि ती मजेत चारा खायची. मला वाटायचं, कायद्याला जमत नाही ते आपण करतोय. करायला गेले एक आणि झालं भलतंच. आम्हीच सगळं झाकून ठेवलं, तर कायद्याला दिसणार काय, कपाळ?

सोमवारच्या सुनावणीला मी येतेय, पंचवीसही वर्षांच्या वह्या घेऊन. ठिपके मोजले, दोनशे शहाण्णव आहेत. खोट्या नोंदींपायी माझा परवाना जाईल, असं कंपाउंडर रोज बजावतोय. मला भीती वाटते रे, हे सोडून दुसरं काही येत नाही मला. तरी येतेय.

पण तिथे कुणीतरी विचारणारच, की तुमचा पहिला ठिपका कुणाचा. ते चारचौघांत तुझ्या कानावर पडायला नको. तो आपल्या गुंड्याचा आहे. तुझ्याच अंथरुणात झोपणारा, शेपटीबरोबर सगळं अंग हलवणारा गुंड्या. तू नऊ वर्षांचा होतास, शाळेत गेला होतास. त्याने बाबांचे ऑफिसचे कागद फाडले आणि बाबांनी हाताशी होतं ते लाकडी स्टूल उचललं. मला नोकरीला लागून वीस दिवस झाले होते. मी त्याला दवाखान्यात नेलं, पण तो दुपारपर्यंतच टिकला. वहीत मी लिहिलं, गच्चीवरून पडून. बाबा न्हाणीघरात दार लावून रडत होते. त्यांची दया आली, आणि तू त्यांच्यापासून कायमचा तुटशील याचीही धास्ती वाटली. गच्चीच्या दाराची कडी लावणं हे तुझं काम होतं. तू त्या दारापाशी बसून राहिलास, दोन दिवस जेवला नाहीस, विचारेल त्याला सांगायचास, मी विसरलो. आणि मी तोंडाला कुलूप घालून बसले. काल बाबांना म्हटलं, आता त्याला सांगते. ते म्हणाले, सगळं लिही. म्हणून लिहितेय. तू विसरला नव्हतास, ढब्बू. दवाखान्यातून आले तेव्हा कडी लागलेलीच होती. तू शाळेतून यायच्या आत ती मी काढली.

तुझीच, आणि तुझी गुन्हेगारही,
ताई