जावयाचं बक्षीस

रविवार, संध्याकाळ. केशोरी.

मन लागत नाही. काल मंडईत, दिवाळीनंतरच्या जत्रेत, सुमनला, माझ्या बहिणीला, हातभर बांगड्या भरून दिल्या. रात्री तिथंच माझं नाटक. दारुडा नवरा बायकोला केस धरून ओढतो, तिच्या बांगड्या फुटतात. लोकांना लाज वाटावी म्हणून लिहिलेला प्रवेश. लोकांनी शिट्ट्या मारल्या. वन्समोअर! नटानं दुसऱ्यांदा जास्तच जोरात ओढलं. बांगड्या पुन्हा फुटल्या.

मग माईकवर पुकारलं, खलनायकाला बक्षीस, आमच्या गावच्या जावयांकडून. सुमनच्या नवऱ्याकडून! प्रवेश त्याच्याच घरातून उचललेला. त्याला ओळखू आला नाही? की आला, म्हणूनच दिलं? बक्षीस देऊन त्यानं सुमनकडे पाहिलं. तिनं टाळ्या वाजवल्या.

आज तिच्या घरी गेलो. तो बाहेर गेला होता. विचारलं, "टाळ्या कायले वाजवल्या तू?"

"थे पाहून राहिले होते ना, भाऊ."

मग म्हणाली, "नाटक चांगलं झालं. पण असं नको लिहत जाऊ."

तिनं चहाचा कप पुढे केला. हातात एकच बांगडी उरली होती.