मर्लच्या अंगणातली पाटी आणि माझी खुर्ची

मी, ऑर्विल टेसर, वय वर्षे एकोणऐंशी, राहणार स्टोन क्रीक, विस्कॉन्सिन, या जिल्ह्याचा माजी न्यायाधीश, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवीत आहे. यापूर्वीची माझी मृत्युपत्रे रद्द समजावीत.

घर, गाडी व बँकेतली शिल्लक माझी मुलगी जनेल हिला मिळावी. कोर्टातला काळा झगा तिने हवे तर फडक्याला घ्यावा. कापड चांगले आहे.

शेजारी मर्ल कूबिक याच्याबाबत सविस्तर लिहिणे भाग आहे. त्याचे हार्डवेअरचे दुकान फोडल्याबद्दल एकाला अटक झाली. त्याने वकील मागितला, तो न देता पोलिसांनी कबुली लिहून घेतली. ती मी पुराव्यातून काढली आणि माणूस सुटला. आमच्याकडे न्यायाधीश मतांवर निवडून येतो. त्या एप्रिलमध्ये मर्लने माझ्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या बाईंची प्रचाराची पाटी आपल्या अंगणात, नेमकी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर ठोकली. मी पडलो. त्या खुर्चीखेरीज मला आयुष्यात काही नको होते. वरच्या कोर्टाने पुढे माझा निर्णय कायम केला, पण तोवर निवडणूक होऊन गेली होती. मर्लने बोलणे टाकले.

काही वर्षांनी त्याच्या नातवाला अटक झाली, तेव्हा तो मागच्या दाराशी आला.

“पोरगं वकील मागत होतं रे. तरी लिहून घेतलं त्याच्याकडून. चालतं का असं?”

“नाही चालत. तुझ्याच दुकानाच्या खटल्यात सांगितलं होतं मी.”

“ते नको काढूस आता.”

“मी कशाला काढू? तुझ्या वकिलाला काढायला सांग.”

वकिलाने काढले. माझ्या खुर्चीत बसलेल्या त्याच बाईंनी माझ्याच निकालाच्या आधारे नातवाची कबुली फेटाळली. त्या दिवसापासून मी समाधानी आहे. मर्लशी भांडणही रोजचे सुरू झाले.

गोठलेल्या तळ्यावर बसून मासे धरायची माझी चाकांवरची खोपटी मर्लला द्यायची होती. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, आणि साक्षीला मला तोच हवा. म्हणून ती आजच देऊन टाकली. त्याच्या ट्रकला जोडून बाहेर उभी आहे.

हे सगळे वाचून मर्ल आत्ता समोर बसून विचारतो आहे, “सही करण्याआधी वकिलाला दाखवू का?”

जरूर दाखव, मर्ल. माझी खुर्ची त्यासाठीच गेली.

लिहून ठेवणार : ऑर्विल टेसर
साक्षीदार : १. मर्ल कूबिक (वकिलाला न दाखवता, राजीखुशीने)
२. बर्नीस हाल्वोर्सन, ग्रंथपाल
स्टोन क्रीक, ९ जानेवारी २०१८