दाजींचं गोदाम आणि रिकामा मंडप

उदगीर, गुरुवार, पूजा आटोपून

तीर्थस्वरूप शिवशंकर दाजींना राजशेखरचा शरणु शरणार्थ.

आपला गुडघा कसा आहे? महादेवाच्या कृपेने इकडे सगळे खुशाल. सिंधुअक्का माहेरपणाला आल्यापासून रोज गव्हाची, गूळ घातलेली हुग्गी होते आणि माझ्या पायजम्याची नाडी अपुरी पडू लागली आहे.

दाजी, आपल्या शेतकऱ्यांच्या डाळ कंपनीची सभा परवा झाली. तुमचं गोदाम कंपनीने महिना अठरा हजारांनी घेतलंय आणि शेजारचं तसंच गोदाम अकराला मिळतं, हे तुम्ही जाणताच (करारावर अध्यक्ष म्हणून सही माझी, मेहुणा म्हणून हसूही माझंच). गेल्या महिन्यात नजीरभाई लेकीच्या, मनतशाच्या, कॉलेजच्या फीसाठी शेअर विकायला निघाले. लातूरच्या गिऱ्हाइकाने तो करार वाचला आणि हजाराचा शेअर सातशेला मागितला. म्हणाला, घरातल्या घरात भाडं फिरवणाऱ्या कंपनीत अजून काय काय निघेल, कोण जाणे. तेव्हापासून पिंडीवर पाणी घालताना मान वर होत नव्हती.

म्हणून भाडं कमी करायचा ठराव आला. हिशेब तपासणाऱ्या अक्षराबाई म्हणाल्या, दाजींच्या नातेवाइकांनी मत देऊ नये. मी उठलो. मागोमाग मलप्पा उठला, "दाजींची आत्या माझी चुलत सासू हाय." मग वीरण्णा, मग अख्खी रांग. इतकं लांबचं नातं कायदा धरत नाही, असं बाई ओरडून सांगत होत्या. पण तुमच्या विरोधात हात वर करायला थांबतंय कोण? (माझं उठणं कायद्याचं, बाकीच्यांचं भीतीचं.) आम्ही साठ जण बाहेर लिंबाखाली आणि सभेच्या मंडपात एकटे नजीरभाई.

ते म्हणाले, "बाई, अक्का मला राखी बांधती. मी बी उठू का?"

"राखी कायद्यात येत नाही. बसा."

त्यांनी डोळे मिटून हात वर केला. अकरा हजार मंजूर! लिंबाखाली अशा टाळ्या पडल्या की वरचे बगळे उडाले. काल त्याच गिऱ्हाइकाचा फोन आला, साडेनऊशे देतो म्हणून. नजीरभाईंनी लागतील तेवढेच विकले, फी भरली आणि पेढे घेऊन आले.

आपला मेहुणा,
राजशेखर

ता. क. नवा करार सोबत आहे. खूण केलीय तिथे सही करावी. राग नजीरभाईंवर काढू नये.

आणखी एक ता. क. ठराव मांडला अक्काने. तिच्या नावावर दोनशे शेअर आहेत, हे तुम्ही विसरला असाल, ती विसरलेली नाही. मंडपातून माझ्याआधी उठली तीही तीच. सही आल्याशिवाय तुमच्याकडे यायला नांदेडची गाडी धरणार नाही म्हणते. आम्हाला काही घाई नाही. घरात गूळ भरपूर आहे.