रेगिनाबाईंना उत्तर देण्याची तजवीज

मी, सेव्हर बुक्शा, वय छप्पन्न, व्यवसाय घरे उबदार ठेवणाऱ्या भट्ट्या बांधणे, राहणार वाल्या-नुकुलुई, जिल्हा सिबियू, स्थिरबुद्धी असून (याविषयी ग्रामस्थांत मतभेद आहेत), फुफ्फुसांनी असहकार पुकारल्यामुळे, कोणाच्याही दडपणाविना पुढील व्यवस्था लिहून ठेवतो.

१. मेहुणा जेलू याने भर लग्नात माझ्या स्वयंपाकाची निंदा केली. त्यास माझे गळके पिंप द्यावे. त्यातून त्याची दारू व माझे समाधान समान वेगाने झिरपो.

२. राहते घर भाची इलिंका हिला, परंतु तिने जर्मन भाषा शिकावी या अटीवर.

कारणमीमांसा अशी. हे घर मूळचे रेगिनाबाईंचे. गावातील जर्मनांपैकी त्या शेवटच्या. त्यांचा नवरा मिश यास पंचेचाळीसच्या जानेवारीत, महायुद्ध संपत आले असता, जर्मन म्हणून रशियाच्या खाणींत सक्तीच्या मजुरीला नेले. तो परतला नाही, त्याची खबरही नाही. बाई इथेच निवर्तल्या, मात्र मेल्यावरही त्यांनी स्थलांतर केले नाही. सांजवेळी चुलीपाशी येऊन त्या जर्मनमध्ये एकच वाक्य उच्चारतात.

आपल्याकडचा मृतात्मा परत येतो तो भुकेने, या परंपरागत ज्ञानानुसार मी पेटती मेणबत्ती खोचलेला पाव आणि कोबीच्या पानांतले सारण बाईंच्या नावाने कुंपणावरून शेजारीण वेटाला देत राहिलो.

"सेव्हर, पुरे रे बाबा," वेटा म्हणाली. "तुझी बाई काही जात नाही आणि माझा घेर मात्र वाढतोय!"

बाईंच्या पंथात मृतांना जेवू घालण्याची रीतच नाही, हे शहरातील जर्मन चर्चमधील वृद्ध वादक मार्टिन काप यांनी सांगितले. तेव्हा मी त्यांच्यापाशीच जर्मन शिकू लागलो. टपालवाली म्हणाली, "या वयात जर्मन? तिकडची बाई गाठलीस वाटतं!" मी म्हणालो, "गाठली. पण वारलेली आहे."

अखेर वाक्य कळले: "मिश आला का?"

मी म्हणालो, "येतील." तो हिवाळा निःशब्द गेला. वसंतात दुसरा प्रश्न आला: "कधी?"

इलिंका इटलीत वृद्धांची शुश्रूषा करते. फोनवर ती उखडली. "मामा, इटालियन शिकले ती पोटासाठी. ही कशासाठी? ती बाई मेलीय!"

"म्हणूनच गं. जिवंत माणूस दुसऱ्या दारी जाऊन विचारू शकतो."

मग ती म्हणाली, "रागावते का ती?"

"नाही. आपण अडखळलो की थांबते. मार्टिनकाकांपेक्षा बरी."

३. 'कधी' याचे उत्तर मजपाशी नाही. सबब माझी शवपेटी घरात असतानाच, पहिल्या सांजेस, इलिंकाने चुलीपाशी उभे राहून बाईंना त्यांच्याच भाषेत सांगावे: "सेव्हर मिशला शोधायला गेलाय. तिकडे गेलेल्यांना तो आता विचारू शकतो."

तिने बसू नये. बाई बसल्या, तर बसावे.

वरील मजकूर मी स्वतः वाचून, खोकत, मान्य केला आहे.

सेव्हर बुक्शा (सही)
साक्षीदार: वेटा ड्रागोमिर (सही), मार्टिन काप (सही)
वाल्या-नुकुलुई, ५ डिसेंबर २०११