वरचा ड्रॉवर

चिमणे,

डोळे सुजलेत म्हणून दवाखान्यात जातोय. आईजवळ बोलू नकोस. सगळी हयात भुशात गेली आणि साठीत लाकडाचीच अ‍ॅलर्जी निघाली, तरी आज तोंडाला फडकं न बांधता वर्कशॉपमध्ये शिरलो. मी घरी बसल्यावर तू एकटीने केलेलं पहिलं कपाट बघितल्याशिवाय राहवेना.

खोट काढायलाच गेलो होतो. वरचा ड्रॉवर आत लोटला, तर कोंडलेल्या हवेने खालचा आपोआप बाहेर आला. ड्रॉवर केसभरही सैल नसले तरच असं होतं. माझ्या हातून कधी झालं नाही. पुन्हापुन्हा लोटून बघितला, शिंका देत.

उद्या गिऱ्हाईक येईल. ‘बाबांनी केलंय’ म्हणायची तुझी सवय आहे. उद्या तसं म्हणालीस तर माझ्याशी गाठ आहे.

बाबा