ट्रॉलीला ब्रेक बसला

प्रिय प्रेमा,

तुझं पत्र पोचलं. सातवा महिना लागला, पोर लाथा मारतंय, हे वाचून तुझे अप्पा मिशीतल्या मिशीत हसले आणि खुरपं घेऊन उगाच अंगणात जाऊन बसले. पण सासूबाई तुला बाळंतपणाला माहेरी पाठवायला तयार नाहीत, हे पुढं वाचलं आणि मला जेवण गोड लागेना. पहिलं बाळंतपण आईकडं नाही तर कुठं व्हायचं? त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. गेल्या साली सोसायटीच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आपल्याकडं येताना त्या पडल्या, हात मोडला. "त्या ट्रॉलीत माझी सून बसायची न्हाय," म्हणाल्या, तर त्यांना नावं कोण ठेवील? पण नळदुर्गच्या फाट्यापासून गावापर्यंत दुसरं आहेच काय? बैल तर बहात्तरच्या दुष्काळातच विकले.

फाट्याच्या वाटेवरच्या त्या उतारावर ट्रॉलीमागं बाभळीचा ओंडका बांधून फरफटत न्यायची आपली पद्धत तुला माहीतच आहे. ओंडका जमिनीला घासायचा, म्हणून ट्रॉली दमानं उतरायची. सासूबाई पडल्या त्या दिवशी नेमका दोर तुटला. ट्रॅक्टरवर अप्पाच होते, त्यांनी त्याचा ब्रेक दाबला, पण खतानं भरलेल्या ट्रॉलीला ब्रेक होताच कुठं? तिनं ढकलून ढकलून ट्रॅक्टरच आडवा केला.

आता बातमी ऐक. सोसायटीनं ट्रॉलीला तिचा स्वतःचा ब्रेक बसवून घेतलाय. फाट्यावरच्या मच्छिंद्र फिटरनं केला. ट्रॅक्टर हळू झाला की ट्रॉली त्याला ढकलते ना, ते ढकलणंच त्यानं कामाला लावलंय. त्या जोरानं दोघांमधला जोडदांडा मागं सरकतो, सळई ओढली जाते आणि ट्रॉलीच्या चाकांतले ब्रेक आवळतात. जेवढी जास्त ढकलेल तेवढी पकड घट्ट. अप्पा हे मला रोज जेवताना तांब्या आणि ताट एकमेकांवर सरकवून समजावतात. आमटी सांडते ती निराळी.

नव्या ब्रेकच्या पूजेच्या दिवशी मात्र फजिती झाली. ट्रॉली मागं घेत देवळापुढं लावायची, तर ती जागची हलेना. महादेव कोपला म्हणून चेअरमन हणमंतप्पांनी नारळ फोडला. तरी हलेना. आणखी फोडले. शेवटी मच्छिंद्र आला आणि पोट धरून हसला. "अवो, मागं रेटलं की दांडा दबतोयच, ब्रेक लागनारच. आधी दांड्यात ही खीळ घाला, म्हंजी त्यो सरकनार न्हाय." खीळ घातली, तशी ट्रॉली निमूट मागं आली. मग काय, घरोघर खोबऱ्याची चटणी.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः बसले. पोत्यांनी भरलेली ट्रॉली, मागं ओंडका नाही. अप्पांनी ऐन उतारावर मुद्दाम थांबवली. थांबली गं! इतकं बरं वाटलं, की उतरल्यावर भर चावडीपुढं मी तुझ्या अप्पांकडं बघून हसले.

प्रेमा, आलेलं पत्र तू सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवतेस, हे मला ठाऊक आहे. खरं तर हे सगळं त्यांच्यासाठीच लिहिलंय. विहीणबाई, सोमवारी आम्ही दोघं ट्रॉली घेऊन फाट्यावर येतो. प्रेमाला एकटी पाठवू नका, तुम्हीही या. तिला फाट्यावर बसवून आधी तुम्ही माझ्याशेजारी बसा, उतार बघा. मन धजलं नाही, तर सुनेला परत घेऊन जा, मी एक शब्द बोलणार नाही. धजलं, तर बाळंतपण होईपर्यंत आमच्याकडंच राहा. नातवंडाला पहिली आंघोळ तुमच्याच हातची होऊ द्या.

तुझीच,
अव्वा