अळणी पाकिटं

१७ नोव्हेंबर

चि. सूनबाईस,

आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. तुझ्या आईचा पाय कसा आहे? ऑपरेशन झालेल्या माणसाला चालायला लावायचं आणि वर आवाज चढवायचा नाही, हे तुलाच जमेल. तुझ्या सासूबाईंनी मला एव्हाना काठीशिवाय जिना उतरायला लावलं असतं.

चिरंजीव वेळेवर जेवतात, भांडी मात्र वाटेल तिथे ठेवतात. तुझी चकत्यांची भट्टी बंद आहे असंच समज. मी येता-जाता तिच्यावरची धूळ पुसतो. सहज, हात लागला म्हणून.

तुझं पत्र वाचलं. व्यायामशाळेखालच्या दुकानदाराने बियांच्या चकत्यांची पाकिटं परत केली, लोकांना पौष्टिक नकोच असतं, आल्यावर भट्टी विकून टाकू, असं लिहिलंयस. मी म्हणालो, "बरं झालं, सुटली बिचारी." त्यावर तुझ्या सासूबाईंनी माझ्याकडे असं काही पाहिलं की मी चहा न पिताच कामावर गेलो.

तिथली गंमत ऐक. नानांनी वेफर्सचा पहिला घाणा काढला. माझी कढई ते किती वर्षं सांभाळताहेत, तुला माहीतच आहे. मी एक वेफर तोंडात टाकला आणि थुंकलो. नुसता खारट.

"नाना, मीठ दोनदा पडलं की काय? लक्ष कुठे आहे तुमचं?"

"शेठ, हात तोच आणि मूठही तीच."

मी काही ऐकायला तयार नव्हतो. समोरच्या शिंप्याला हाक मारली. तो गळ्यात टेप घेऊन तसाच आला, ओंजळभर वेफर्स खाल्ले आणि म्हणाला, "नेहमीसारखेच झालेत की. थोडे घरी नेऊ?"

मी चांगलाच तोंडावर आपटलो. नानांची माफी मागितली, पण पुटपुटत. ते गालातल्या गालात हसत होते, तेवढं मला दिसलं.

आता मूग गिळून बसण्यात अर्थ नाही. डॉक्टरांनी माझं मीठ तोडलंय. रक्तदाब. तुझ्या सासूबाईंखेरीज कुणाला बोललो नव्हतो. आणि तू माहेरी जायच्या आधी परत आलेली पाकिटं माळ्यावर आहेत असं तुला वाटतंय, ती तिथे नाहीत. मी खाल्ली. रोज दुपारी, गोदामाचं दार आतून लावून. ज्यांना मी चारचौघांत आजाऱ्यांचा खाऊ म्हणून नाकं मुरडली, त्याच चकत्या. आधी अळणी लागल्या, मग बऱ्या. शेवटच्या पाकिटापर्यंत मला त्यांत काही कमी आहे असं वाटेनासं झालं.

शिंपी वेफर्स घेऊन गेला आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अगं, एवढ्यात माझी जीभ बदलली, तर तुझी कुठे जाऊन पोचली असेल? तू आणि पाकिटं भरणाऱ्या त्या दोघी दिवसभर तेच चाखता. मीठ हाताच्या अंदाजाने टाकायचं, वजनकाटा हवा कशाला, हे तू माझ्याकडूनच उचललंस. जीभ सरावली की नेहमीचं मीठ जरा जास्त वाटतं, म्हणून पुढच्या घाण्याला चिमूटभर कमी. मग त्याचीही सवय, पुन्हा कमी. पाकिटं अळणी होत गेली आणि तुम्हा तिघींपैकी कुणालाच कळलं नाही. कळणार कसं?

लोकांना पौष्टिक नकोय असं नाही, सूनबाई. त्यांना चव हवी आहे, आणि ती परत आणता येईल.

मी दुकानदाराकडे गेलो. तो म्हणाला, "काका, आणखी एकदा ठेवतो. तेव्हाही परत आली तर ती फळी दुसऱ्याला देणार." तुझी बाजू मांडताना माझा आवाज इतका चढला की वर व्यायाम करणारे खाली बघायला लागले.

भट्टी बंद आहे असं वर लिहिलंय, ते खरं नाही. काटा विकत आणला आणि काल तुझ्या त्या दोघींना बोलावून दोन घाणे काढले. दोन्हींत मीठ मोजून, माझ्या वेफर्सच्या मानाने नावालाच, पण एकात दुसऱ्याहून जरा जास्त. सोबत दोन पाकिटं पाठवतोय. एकाला शिंप्याचा लाल दोरा आहे, दुसऱ्याला निळा. तू चाखू नकोस, तुझी जीभ आता कामाची नाही. माझीही नाही. आईंना दे, शेजारपाजाऱ्यांना दे. कोणतं पाकीट आधी संपतं ते कळव, त्याच मापाने माल दुकानात जाईल.

भट्टी विकायचं तेवढं मनातून काढून टाक. मला ती हवी आहे. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून नव्हे, मला तुझ्या चकत्या आवडतात म्हणून. हे तुझ्यासमोर कधी बोललो नसतो, पत्रात बरं पडतं.

कढईचा सगळा कारभारच आता नानांच्या हवाली केला आहे. माझे हात रिकामे आहेत, आणि काट्यापाशी तुला कुणीतरी लागेलच.

उत्तरात आईच्या पायाचं लिही आणि माझ्या नोकरीचंही.

तू देशील त्या कामावर यायला तयार,
बाबा